जॅझ बेस: एक पिकअप बंद केला की घूं सुरू. टोन न घालवता काय बदलावं?

मंद्रमध्य

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आता अडलंय म्हणून धागा काढतोय.

माझ्याकडे चार तारांचा पॅसिव्ह (बॅटरी न लागणारा) जॅझ बेस, म्हणजे बेस गिटार आहे. दोन सिंगल कॉइल पिकअप (तारेचं कंपन टिपणारी चुंबक आणि गुंडाळी), दोन व्हॉल्यूम, एक टोन, म्हणजे नेहमीचीच मांडणी. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की वाद्य अगदी गप्प. पण मला आवडतो तो ब्रिजच्या, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात त्या बाजूच्या, पिकअपचा आवाज, थोडा नाकातला, बोटाचा प्रत्येक ठोका ऐकू येणारा. त्यासाठी नेकचा (दांडीकडच्या पिकअपचा) नॉब मागे घेतला की मागे कुणीतरी तानपुरा लावून बसल्यासारखं होतं, आणि तोही बेसूर.

मोठ्या अँपवर, ड्रम सुरू असताना, फारसं जाणवत नाही. मी मुख्यतः घरी रेकॉर्डिंग करतो, हेडफोन लावून, वर कॉम्प्रेसर (मोठा-लहान आवाज एका पातळीवर आणणारा). दोन ओळींमधल्या शांततेत तो कॉम्प्रेसर ही घूं हळूहळू वर उचलतो. फार चिडचिड होते.

मित्राचा प्रिसिजन बेस आणून त्याच खुर्चीत, त्याच केबलवर लावून पाहिला. चिडीचूप. म्हणजे केबल आणि इंटरफेस निर्दोष असावेत.

सध्या विचार असा आहे की फक्त ब्रिजचा पिकअप काढून तिथे नॉइझलेस प्रकारातला बसवावा. नेकचा आहे तो छान आहे, त्याला हात लावायचा नाही. ज्यांनी हे उद्योग केलेत त्यांनी सांगा: आवाज कितपत बदलतो? स्टॅक घ्यावा की स्प्लिट? नवीन वाद्य घे हा सल्ला कृपया नको.

सावकाश वाजवा

दोन्ही नॉब पूर्ण उघडे ठेवा. विषय संपला.

मंद्रमध्य

दादा, दोन्ही उघडल्यावर मधला भाग खचतो हो. मला नेमका तोच हवाय.

चार तारा पुरे

नवीन वाद्य घे म्हणणार नाही, पण मित्राचा प्रिसिजन परत करायला जरा उशीर करा. :)

थट्टा बाजूला. प्रिसिजन गप्प का असतो ते कळलं की तुमचा अर्धा निर्णय होईल. १९५१ साली तो आला तेव्हा त्यातही साधा सिंगल कॉइलच होता, म्हणजे तोही घुमायचाच. १९५७ मध्ये त्याच्या पिकअपचे दोन तुकडे केले. एक तुकडा ई आणि ए तारांखाली, दुसरा डी आणि जी तारांखाली. दुसऱ्या तुकड्याची गुंडाळी उलट आणि चुंबकही उलट. तारेचा आवाज दोन्हीकडून सुलट बाजूने येतो, बाहेरून शिरलेला हम मात्र एकमेकांविरुद्ध येतो आणि कटतो. यातली मौज अशी की प्रत्येक तार एकाच कॉइलला ऐकू जाते. म्हणून हमबकर (दोन कॉइलने हम काटणारा पिकअप) असूनही आवाज हमबकरसारखा जाड होत नाही, सिंगल कॉइलची धार बरीच शिल्लक राहते.

जॅझ बेस १९६० चा. तिथे हीच युक्ती एका पिकअपमध्ये न करता दोन पिकअपमध्ये वाटून टाकली आहे. जोडी आहे तोवर शांतता, एक जण रुसला की घूं. तुमचं वाद्य बिघडलेलं नाही, ते असंच बनवलेलं आहे.

डागदार

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. पण खरेदीच्या आधी दोन गोष्टी.

पहिली: फक्त ब्रिजचा पिकअप बदलू नका. हा सापळा आहे आणि त्यात मी स्वतः पडलेलो आहे. आत्ता तुमचे दोन्ही पिकअप एकमेकांचा हम खातात. ब्रिजला नॉइझलेस बसवलात की तो स्वतःपुरता शांत होईल, पण मग नेकचा हम खायला कुणी उरणार नाही. ब्रिज एकटा असताना चिडीचूप आणि दोन्ही उघडले की घूं, म्हणजे आजच्या बरोबर उलटं होईल. जे आत्ता फुकट मिळतंय तेच घालवून बसाल. बदलायचे तर दोन्ही, नाहीतर एकही नाही.

दुसरी: तुम्ही 'घूं' लिहिलंत. नुसती घूं आहे की तिच्यात चर्रर्र पण मिसळलेली आहे? हे दोन वेगळे आजार आहेत. घूं, म्हणजे हम, येतो ट्रान्सफॉर्मर आणि मोटरसारख्या गोष्टींच्या चुंबकीय क्षेत्रातून. कॉइल म्हणजे हजारो वेढ्यांची तार, तिला तारेचं कंपन काय आणि भिंतीतला वीजप्रवाह काय, सगळं सारखंच. चर्रर्र, म्हणजे बझ, येतो डिमर, ट्यूबलाइट, चार्जर असल्या चीजांतून, आणि तो शिरतो विद्युत क्षेत्रातून. तांब्याची पट्टी लावून बझ जातो. हमला ती पट्टी दिसतही नाही, इतक्या कमी वारंवारतेचं चुंबकीय क्षेत्र पातळ तांब्यातून आरपार निघून जातं. लोक दोन दिवस खपून आतून सगळं तांब्याने मढवतात आणि मग म्हणतात काही फरक नाही. फरक पडलेला असतो, पण दुसऱ्या आजारात.

तर आज रात्री एवढं करा. फक्त ब्रिज उघडा, हेडफोन लावा, आणि बेस गळ्यात अडकवून जागच्या जागी सावकाश पूर्ण गोल फिरा. घूं कमीजास्त होते का बघा. मग तारांवरचा हात काढा, परत ठेवा. मग लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. काय काय झालं ते इथे लिहा.

नवशिका खर्जवाला

इक्वलायझरमध्ये ५० हर्ट्झ कापून टाकलं तर नाही का चालणार? पिकअप बदलायची कटकटच नको.

डागदार

चालेल, फक्त जी सूर वाजवायचा नाही असं ठरवा.

गंमत नाही. खुल्या ई तारेचा मूळ सूर ४१.२ हर्ट्झ. तिसऱ्या फ्रेटवर जी, तो ४९. मेन्सचा हम ५० वर. म्हणजे हम कापताना तुमचा खर्जातला जीच कापला जाणार. ज्या देशांत ६० हर्ट्झची वीज आहे तिथे तो सहाव्या आणि सातव्या फ्रेटच्या मध्ये पडतो, पण पडतो बेसच्याच अंगणात. शिवाय हम कधी एकटा नसतो, त्याचं लटांबर १००, १५०, २०० असं वर जातं. १०० म्हणजे खुल्या जी तारेच्या (९८) अगदी शेजारी. गिटारवाल्यांना खालचं कापून पळ काढता येतो, आपल्याला नाही.

ऐकून बघायचं असेल तर फक्त ब्रिज उघडा, ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी छेडा आणि तो विरत जाईल तसं लक्ष देऊन ऐका. वाद्य स्वरात असेल तर सूर आणि हम मिळून सेकंदाला साधारण एक हेलकावा येतो. आवाज फुगतो, बसतो, फुगतो, बसतो. मला हे कळेपर्यंत वाटायचं की नेकमध्ये डेड स्पॉट आहे, म्हणजे सूर लवकर मरतो अशी जागा.

सावकाश वाजवा

नॉइझ गेट? म्हणजे आवाज ठरावीक पातळीखाली गेला की बंद करणारा?

फ्रेट पुसलेला

बेसवर गेट म्हणजे सूर विरत असताना कुणीतरी दार धाडकन लावल्यासारखं. वेगवान, तुटक वादनात खपून जातं. लांब सुरांत शेपूट कापलेली स्पष्ट कळते. आणि सूर चालू असताना हम असतोच, तो गेट काढत नाही.

मंद्रमध्य

प्रयोग केला. निकाल असा:

गोल फिरताना घूं खरंच बदलते. एका कोनात जवळजवळ नाहीशी, तिथून पाव गिरकी घेतली की सर्वांत जास्त. माझी नेहमीची खुर्ची बरोबर त्या वाईट कोनात आहे! डावीकडे पॉवर सप्लायची वीट जमिनीवर पडलेली होती, ती दोन हात लांब ढकलली तर आणखी कमी झाली.

तारांवरून हात काढला की एक बारीक चर्रर्र सुरू होते, हात ठेवला की जाते. हे दोन्ही पिकअप उघडे असतानाही होतं.

चार्जर काढल्यावर एक तिसराच आवाज गेला जो मला आजवर ऐकूच आला नव्हता, बारीक किणकिण. आता कधी ऐकू येणं बंद होणार नाही. धन्यवाद बरं का. :(

डागदार

छान तपासलंत. म्हणजे तुमच्याकडे तिन्ही पाहुणे आहेत.

किणकिण चार्जरची, रेकॉर्डिंगच्या वेळी बॅटरीवर चालवा, मिटलं. इथे एक गोष्ट ठणकावून सांगतो: चार्जरचा किंवा अँपचा अर्थिंगचा पाय काढून आवाज घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तुमच्या बेसच्या तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि तुमचा हात तारांवर असतो. आवाज घालवायला डीआय बॉक्सवरचा (वाद्य आणि मिक्सर-रेकॉर्डरच्या मध्ये लावायची डबी) ग्राउंड लिफ्टचा खटका आहे, तो आवाजाच्या वायरीतलं ग्राउंड तोडतो, विजेच्या वायरीतलं नाही.

हात काढल्यावर येणारी चर्रर्र म्हणजे बझ. तुमचं शरीर हा मोठा अँटेना आहे, तारांना हात लावलात की तो ग्राउंड होतो. हे सगळ्याच पॅसिव्ह वाद्यांत कमीअधिक असतं. (हात लावल्यावर आवाज वाढत असेल तर मात्र आत काहीतरी उलटं जोडलेलं आहे, बहुधा जॅकच्या दोन वायरी.) याला तांब्याची पट्टी हाच उपाय. पिकअपचे खड्डे, नॉबांचा खड्डा, वरच्या पत्र्याची मागची बाजू असेल तर ती, सगळं एकमेकांना जोडून ग्राउंडला. पट्टीचा गोंद वीज वाहून नेणारा आहे का ते आधी बघा. नसेल तर पट्टीवर पट्टी चिकटवून उपयोग नाही, मध्ये गोंदाचा पडदा राहतो. मी प्रत्येक जोडावर डागाचा (सोल्डरचा) एक ठिपका देतो, गोंदावर विश्वास ठेवत नाही. मल्टिमीटर लावून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पीं वाजतंय ना बघायचं.

आणि जॅकपाशी जपून. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा रात्री दीड वाजता सगळं बंद करून, स्क्रू आवळून, केबल लावली तर पूर्ण शांतता. इतकी शांतता की वाद्यच वाजेना. जॅक आत सरकवताना त्याची सिग्नलची पात खड्ड्याच्या भिंतीवरच्या तांब्याला टेकली होती. सगळं सिग्नल ग्राउंडला. बेस अतिशय नॉइझलेस झाला होता हे खरं. आता मी जॅकच्या मागे भिंतीवर इन्सुलेशन टेपचा एक तुकडा लावतो.

उरली घूं. तिला पिकअपच लागणार, किंवा खुर्ची फिरवावी लागणार. खुर्ची फुकट आहे.

नवशिका खर्जवाला

अॅक्टिव्ह करून घेतलं तर? म्हणजे नऊ व्होल्टची बॅटरी टाकून?

चार तारा पुरे

प्रीअँप बसवला म्हणून हम जात नाही. पिकअपने आत घेतलेला हम प्रीअँप तितक्याच निष्ठेने पुढे पाठवतो, वर ट्रेबल वाढवलात की थोडी सूंऽऽ पदरची घालतो. अॅक्टिव्ह पिकअप ही वेगळी गोष्ट. ईएमजीसारख्यांत पिकअपच्या पोटातच छोटा अँप असतो, कॉइलही हम काटणाऱ्या असतात. ते खरोखर शांत असतात, त्यांना तारा ग्राउंड करायचीही गरज नसते. पण त्यांना २५ किलोओहमचे नॉब लागतात, म्हणजे आतली सगळी वायरिंग बदलणं आलं. आणि आवाजाला एक इस्त्री होते. काहींना तीच हवी असते.

फ्रेट पुसलेला

आता मूळ प्रश्नाकडे. माझ्या फ्रेटलेसमध्ये मी आधी स्टॅक वापरले, नंतर स्प्लिट, आणि शेवटी परत साधे सिंगल कॉइल लावून बसलोय. त्यामुळे तिन्हीकडून शिव्या खायला मोकळा आहे.

जॅको पास्टोरियसचा १९६२ चा जॅझ बेस आणि ब्रिज पिकअपवरचा त्याचा भर सगळ्यांना माहीत आहे. तो सूर हवा असणारे आपण सगळे नेमके त्या जागी जाऊन बसतो जिथे जॅझ बेस घुमतो. इलाज नाही. ब्रिजजवळ तारेची हालचाल कमी, मूळ सुराचा वाटा कमी आणि वरच्या हार्मोनिक्सचा जास्त. त्या पिकअपचा आवाज मुळात बारीक, म्हणून आपण गेन वाढवतो, आणि गेनबरोबर हम वर येतो.

स्टॅक म्हणजे एकावर एक दोन कॉइल. वरची तार ऐकते, खालची बहुतांशी फक्त हम ऐकते, आणि दोघांची वजाबाकी होते. पण खालच्या कॉइललाही तार थोडी ऐकू जातेच. त्यामुळे वजाबाकीत तारेचाही थोडा अंश जातो, आणि दोन कॉइलचं मिळून इंडक्टन्स (कॉइलचा बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) वेगळं होतं. मला जाणवलं ते असं: बोट तारेवरून सुटतानाचा जो 'टप्' असतो, तो गुळगुळीत झाला. वाईट नव्हता. कापडावरून बोट फिरवावं तसा. चार तारांचा समतोल मात्र उत्तम होता, एक तार दबली, दुसरी उठली, असं काही नाही.

स्प्लिट म्हणजे जॅझच्याच डब्यात प्रिसिजनची युक्ती. अर्धा डबा ई-एसाठी, अर्धा डी-जीसाठी. बाहेरून बघून ओळखूही येत नाही. डिमार्झिओचं 'मॉडेल जे' (Model J) या जातीचं, नॉर्डस्ट्रँड आणि फ्रॅलिन यांचेही स्प्लिट मिळतात. इथे वजाबाकीत तार सापडत नाही, म्हणून 'टप्' बराच जिवंत राहतो. ब्रिज एकटा ऐकला तर सिंगल कॉइलच्या नव्वद टक्के जवळ, असं माझं कानांचं गणित. शंका होती ती ए आणि डीच्या मधल्या जागेची, तिथे दोन कॉइलची टोकं येतात, तार बाजूला ओढली तर आवाज दबेल म्हणून. गिटारवर दबतो म्हणतात. बेसवर मी कधी एवढी तार ओढतच नाही.

मग परत सिंगल कॉइलवर का आलो? दोन्ही पिकअप उघडल्यावर जो खुला, वर काचेसारखी किनार असलेला आवाज येतो, तो स्प्लिटच्या जोडीत थोडा बसका वाटला. तानपुऱ्याची जवारी थोडी उतरावी तसं. सूर तोच, झिळमिळ कमी. मी रेकॉर्डिंग कमी करतो, फिरून वाजवतो जास्त, म्हणून मला हम परवडतो. तुमचं उलट आहे. तुमच्या जागी मी असतो तर स्प्लिटची जोडी घेतली असती.

सावकाश वाजवा

हे नव्वद टक्के वगैरे मिक्समध्ये कुणाला ऐकू येतं? डोळे बांधून ओळखून दाखवा कुणीतरी.

फ्रेट पुसलेला

ऐकणाऱ्याला नाही येत, मान्य. वाजवणाऱ्याला येतं. आणि वाजवणारा आपल्याला जे ऐकू येतं त्यावरच पुढचा ठोका टाकतो. 'टप्' गुळगुळीत झाला की मी नकळत जोरात वाजवायला लागलो होतो, महिन्याभराने मनगट दुखल्यावर कळलं.

चार तारा पुरे

सावकाशरावांच्या बाजूने थोडं बोलतो. लोक पिकअप तासन्तास तोलतात आणि सहा मीटरची केबल बिनदिक्कत लावतात. केबलची कपॅसिटन्स मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धरा, म्हणजे सहा मीटरला ६००. ती पिकअपच्या इंडक्टन्सबरोबर मिळून वरचा ट्रेबल कुठे संपेल ते ठरवते. स्प्लिटमध्ये 'झिळमिळ कमी' वाटली तर आधी केबल अर्धी करून बघा. रेकॉर्डिंगला बसल्या जागी दोन मीटर पुरते. नॉब २५० किलोओहमचे असतात, ते ५०० चे केले तरी वरचा भाग थोडा उघडतो.

आणि पिकअपच्या कागदावरचा किलोओहमचा आकडा बघून 'हा जास्त दणकट' असं ठरवू नका. जॅझचा साधारण सात-आठ असतो, प्रिसिजनचा दहा-अकरा, पण तो फक्त तारेचा डीसी रोध आहे. बारीक गेजची तार वापरली की वेढे न वाढवताही तो वाढतो.

उंचीही विसरू नका. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायची आणि पिकअपच्या चुंबकापर्यंतचं अंतर बघायचं. ई तारेखाली तीन मिलिमीटरच्या आसपास, जी तारेखाली अडीच, इथून सुरुवात करा. ब्रिजचा पिकअप कानाला लागेल तसा थोडा वर. फार वर घेतला तर चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो.

बारावा फ्रेट

धाग्यात घुसतोय, माफी असावी. माझी तक्रार उलटी आहे. जुना जॅझ बेस घेतला, आधीच्या मालकाने नेकचा पिकअप बदललेला आहे. एकेक पिकअप वाजवला तर हम आहे, समजू शकतो. पण दोन्ही उघडले तरी हम जात नाही, उलट वाढल्यासारखा वाटतो. आवाज मात्र भरघोस आहे. काय झालं असेल?

डागदार

माफी कशाला, हा याच विषयाचा भाऊबंद आहे.

हम कुठल्या बाजूने येणार ते ठरवते फक्त गुंडाळीची दिशा. तारेचा आवाज कुठल्या बाजूने येणार ते ठरवतात गुंडाळी आणि चुंबक दोन्ही मिळून. एवढं डोक्यात बसलं की चारही शक्यता उलगडतात. आवाज भरघोस आणि हम कटतो, म्हणजे गुंडाळी आणि चुंबक दोन्ही एकमेकांच्या उलट, खरी जोडी. आवाज भरघोस आणि हम वाढतो, म्हणजे दोन्ही पिकअप एकाच जातीचे. हे तुमचं, दोन नेकचे किंवा दोन ब्रिजचे शेजारी बसल्यासारखं. आवाज पोकळ, खर्ज गायब, पण हम कटतो, म्हणजे जात एकच आहे पण एकाच्या वायरी उलट जोडल्यात. आवाज पोकळ आणि वर हमही वाढतो, म्हणजे फक्त चुंबक उलटं.

तुमच्याकडे वायरी उलटवून भागणार नाही, हम जाईल आणि खर्जही जाईल. चुंबकाची दिशाही उलटवावी लागेल किंवा योग्य जातीचा पिकअप आणावा लागेल. खात्री करायची तर एक साधं होकायंत्र घ्या. आधी नेकच्या पिकअपवर, मग ब्रिजच्या. सुईचं तेच टोक दोन्हीकडे ओढलं गेलं तर चुंबक एकाच दिशेचे.

बारावा फ्रेट

होकायंत्र मुलीच्या कंपासपेटीत निघालं. दोन्हीकडे सुईचं लाल टोकच चिकटतंय. म्हणजे आधीच्या मालकाने दोन ब्रिजचे लावलेत तर. नेकचा डबा थोडा सैल का बसतोय तेही आत्ता कळलं, ब्रिजचा डबा लांबीला जरा जास्त असतो ना? पण मग तो नेकच्या खड्ड्यात मावला कसा?

डागदार

नेकच्या खड्ड्याच्या कडा बघा. बहुतेक कानशीने कोरलेल्या दिसतील.

बारावा फ्रेट

दिसतायत. :(

मंद्रमध्य

तीन आठवड्यांनी परत आलोय. सगळ्यांनी इतकं लिहिलंत तर निकाल सांगणं माझं काम.

आधी खुर्ची फिरवली. हसू नका, अर्धी लढाई तिथेच संपली. मग पॉवर सप्लायच्या विटा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेल्या. मग एका रविवारी तांब्याची पट्टी. डागदार, तुमचा इन्सुलेशन टेपचा तुकडा आठवणीने लावला. चर्रर्र आता हात काढल्यावरही जेमतेम आहे, हेडफोन कानात दाबून धरला तर.

एवढं झाल्यावर वाटलं, पिकअप राहू द्यावेत. आठवडाभर राहू दिलेही. पण नवीन तुकडा रेकॉर्ड करताना ब्रिज एकटा ठेवून कॉम्प्रेसर लावला, आणि पहिल्या विरामात घूं हजर. वाजवताना अंग थोडं हललं की ती कमीजास्त होते, हे तर आणखी वाईट. म्हणून शेवटी स्प्लिटची जोडी घेतली. दोन्ही एकदम, फक्त ब्रिज नाही.

काढायच्या आधी जुन्या पिकअपवर एक आठ मात्रांचा तुकडा तीन प्रकारे रेकॉर्ड करून ठेवला: फक्त नेक, फक्त ब्रिज, दोन्ही. तारा त्याच ठेवल्या, नवीन पिकअपची उंची मोजून तीच ठेवली, आणि तोच तुकडा परत वाजवला. फाइलींना नुसते आकडे दिले आणि बायकोकडून उलटसुलट लावून घेतल्या.

फक्त ब्रिज: मला दोनदा ओळखता आला नाही. खरंच. विरामात घूं ऐकू येते का त्यावरून ओळखायचा मोह होत होता, म्हणून विराम कापून परत ऐकलं. मग तर अंदाजपंचेच.

दोन्ही उघडे: प्रत्येक वेळी ओळखलं. जुन्या जोडीत वर एक हवा आहे, नवीन जोडीत ती थोडी मिटते. फ्रेट पुसलेला यांची जवारीची उपमा तंतोतंत. दोन मीटरची केबल लावल्यावर ती बरीचशी परत आली, सगळी नाही.

फक्त नेक: इथे मला नवीन आवाज उलट जास्त आवडला. थोडा प्रिसिजनच्या बाजूला झुकतो. चार तारा पुरे आता खूश होतील.

चार तारा पुरे

खूश आहे. मित्राचा प्रिसिजन परत केलात का?

मंद्रमध्य

केला. जड अंतःकरणाने.

नवशिका खर्जवाला

एक शंका. आता दोन्ही स्वतःपुरते शांत आहेत, तर नॉब मध्ये कुठेही ठेवले तरी चालतात का? म्हणजे नेक सात, ब्रिज दहा असं?

मंद्रमध्य

हो, हाच सर्वांत मोठा फायदा निघाला. आधी मधल्या जागा वापरायचीच सोय नव्हती, नेक जरा मागे घेतला की जेवढा असमतोल तेवढी घूं. आता नेक सहा-सातवर, ब्रिज पूर्ण, टोन अर्ध्यावर, हीच माझी जागा झालीय. ब्रिजचं बोलणं राहतं आणि खाली थोडं मांस येतं. हा आवाज माझ्या वाद्यात होता हे मला चार वर्षं माहीत नव्हतं.

फ्रेट पुसलेला

जुनी जोडी विकणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मंद्रमध्य

नाही, डब्यात कापूस घालून ठेवलीय. कुठला नेकचा, कुठला ब्रिजचा ते वर लिहूनही ठेवलंय, बारावा फ्रेट यांचा खड्डा आठवून.